अंतर तेच, मग वेळ कमी कसा?

"अंतर तेच, मग येताना तासभर कमी कसा लागतो हो?" विमानात शेजारच्या आजोबांनी तिकिटावर बोट ठेवून विचारलं. एअर होस्टेस नुसती हसली.

सगळी करामत वाऱ्याची. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो. लंडन ते न्यूयॉर्क साधारण ५,५५० किलोमीटर. जाताना आठेक तास, परतताना सातेक. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळी वाऱ्याच्या जोरावर एक विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं! (नाव मात्र पायलटचं झालं असणार.)

शिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची. धावपट्टीआधीची रांगही त्यातच धरलेली.

तरी आपण नकाशावर रेघ ओढून, भागाकार करून मोकळे का होतो?