सांध्याच्या वरची हिरवी साल
पहाटे पाच वाजता मी बागेच्या खालच्या अंगाला पोहोचलो, तेव्हा तापमापक उणे 2 अंश सेल्सिअस दाखवत होता. आदल्या संध्याकाळी आकाश निरभ्र होते आणि वारा पूर्ण पडला होता. अशा रात्री जमिनीतली ऊब सरळ आकाशाकडे निघून जाते आणि जड झालेली गार हवा पाण्यासारखी उतरत सखल जागी साचते, हे ठाऊक असल्यामुळे तिथली आंब्याची बाराही तरुण कलमे आम्ही झाकून ठेवली होती. तरीही उजाडल्यावर कापडे काढली, तर सात कलमांची पाने उकडल्यासारखी पाणचट होऊन लोंबत होती. ती पुढे काळी पडली. उरलेल्या पाचांची फक्त कोवळी टोके करपली होती.

कारण शोधायला लांब जावे लागले नाही. त्या सात झाडांचे कापड बुंध्याशी आवळून बांधलेले होते. कापड स्वतः ऊब देत नाही. दिवसभर तापलेल्या ओल्या मातीतून रात्री जी ऊब वर येते ती ते कोंडून धरते, आणि त्यासाठी त्याचा घेर जमिनीला टेकलेला असावा लागतो. पाच झाडांचा तसा टेकला होता, शिवाय आत रोवलेल्या काठ्यांमुळे कापड पानांना शिवत नव्हते. मी सूचना तोंडी दिली होती, पण बांधणी जागेवर जाऊन पाहिली नव्हती. त्याची हळहळ मला आजही वाटते.

दहा दिवसांनी मालक आले. “ही सात गेली, आजच छाटा किंवा उपटा,” असे ते म्हणाले. फांदी कुठवर मेली आहे हे इतक्यात कळत नाही, आणि छाटणीने निघणारे कोवळे फुटवे पुढच्या दहिवरात सर्वांत आधी जळतात, हे सांगून मी त्यांना थांबण्याची विनंती केली. मग गुडघे टेकून एका कलमाच्या बुंध्याभोवती थंडीपूर्वीच घातलेली मातीची भर उकरली. शेंड्याची साल नखाने खरवडली, तर आत तपकिरी. वीतभर खालीही तशीच. भरीच्या आत, कलमाच्या सांध्याच्या चार बोटे वर खरवडले, तेव्हा मात्र ओली, हिरवीगार रेघ उमटली. मालक स्वतः वाकून ती बराच वेळ पाहत राहिले. सांध्याच्या खालून येणारा कोंब खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या मूळ रोपाचा, असतो आणि त्याला आपण निवडलेल्या जातीचे फळ धरत नाही, म्हणून त्या चार बोटांचे एवढे मोल होते. मी भर पुन्हा लावली.

दहिवराची भीती सरल्यावर, साल कुजू नये म्हणून, ती माती आम्ही काढून घेतली. सातांपैकी पाच कलमे सांध्याच्या वरून तांबूस पालवीने फुटली. मेलेल्या फांद्या तेव्हा कुठे छाटल्या. उरलेली दोन कलमे खुंटावरून फुटली असून त्यांच्यावर नव्याने कलम बांधायचे आहे.