दम्मामच्या रेंजची टकटक थांबली (आणि घड्याळाचं कोडंही सुटलं)

मंडळी, टकटक थांबली! चाचींच्या कुकिंग रेंजचं (ओव्हनवाल्या शेगडीचं) कंट्रोल कार्ड काल संध्याकाळी, ऐन व्होल्टेज पडायच्या वेळेला, दोन्ही रिले (विजेने ओढले जाणारे स्विच) ओढून निवांत बसलं. एकदाही रिसेट नाही.

मागचं थोडक्यात: तापमानाचा सेन्सर निर्दोष (पीटी-१०००, २७ अंशाला ११०५ ओम, तक्त्याबरहुकूम). कीपॅडची रिबन आयपीएने (अल्कोहोलने) पुसून झाली, रिलेच्या पायांना सोल्डरचे ताजे डाग देऊन झाले. खाऱ्या हवेने हिरवे पडलेले ट्रॅकही खरवडून झाले. तरी ओव्हन लावला की डिस्प्ले मंद, रिले टकटक आणि घड्याळ १२:०० वर.

मग सप्लायच्या मागे लागलो. ह्या कार्डात ट्रान्सफॉर्मर नाहीच. एक एक्स-टू (मेन्सवर लावायच्या जातीचा) कपॅसिटर सिरीजमध्ये, पुढे एसीचं डीसी करणारा ब्रिज, व्होल्टेज २४ वर धरणारा झेनर. म्हणजे कार्डाचं ग्राउंड थेट मेन्सवर बसलेलं. नवीन मंडळींनी चालू कार्डाला हात लावूच नये (सिरीज बोर्डाचा बल्ब शॉर्टला आवरतो, झटक्यापासून वाचवत नाही), आणि स्कोपची अर्थ क्लिप तर त्याच्या जवळपासही नेऊ नये. रीडिंग असं: रिले बंद असताना २४, एक ओढला तरी २४, दुसरा ओढायला गेला की १४च्या खाली. मायक्रोचे (मायक्रोकंट्रोलर, कार्डाचा मेंदू) ५ व्होल्ट ह्याच २४ मधून काढलेत, त्यामुळे हे बुडाले की तोही बुडतो.

फिल्टर कपॅसिटर बदलला, ढिम्म फरक नाही. शेवटी एक्स-टू काढून एलसीआर मीटरला (कपॅसिटरची व्हॅल्यू मोजणाऱ्या) लावला. अंगावर छापलंय ०.६८ मायक्रोफॅरड, भरला ०.४७. बाहेरून टवटवीत, ना फुगलेला ना काळवंडलेला. ह्यांचं दुखणंच असं: आतल्या फिल्मवरचं धातूचं अस्तर दमट हवेने आणि व्होल्टेजच्या झटक्यांनी कणाकणाने झिजतं, कपॅसिटर शॉर्ट न होता नुसता रोडावत जातो. मीटरच्या बझरने हा चोर सापडत नाही.

नवा ०.६८ घातला. सकाळी दोन्ही रिले झकास! चाचींनी चहा पाजला. संध्याकाळी फोन, परत टकटक.

डोकं फिरायची वेळ. संध्याकाळी तिकडे २०० व्होल्ट असतात हे खरं, पण बनवणाऱ्याने एवढी तरी गुंजाइश ठेवायला हवी ना? परत गेलो आणि सवयीने पॅनेलवरचं घड्याळ लावायला लागलो, तर चाची म्हणाल्या, "अरे, त्याकडे बघू नकोस. ते आलं त्या दिवसापासून मागेच आहे." म्हटलं, किती मागे? "तासाला दहा मिनिटं." त्यांनी डिस्प्लेवर चक्क चिकटपट्टी लावली होती.

तासाला दहा मिनिटं! म्हणजे तासाची पन्नास मिनिटं मोजतंय, म्हणजे ६०ला ५०. रेंज आलीय चाचांबरोबर दम्मामहून, आणि सौदीत वीज ६० हर्ट्झ. दुबई-कुवेतचा माल ५० हर्ट्झचा, म्हणून हे डोक्यातच आलं नव्हतं. मायक्रो मेन्सच्या लाटा मोजून वेळ धरतो. तासाचा टायमर इथे ७२ मिनिटांनी वाजतो. चाचींची नानकटाई का करपायची तेही कळलं.

आणि ड्रॉपरचा (म्हणजे त्या सिरीजमधल्या एक्स-टूचा) करंटही फ्रीक्वेन्सीवरच ठरतो. २३० व्होल्टला ०.६८ मधून ६० हर्ट्झवर ५९ मिलिअँप, ५० हर्ट्झवर फक्त ४९. ब्रिज आणि २४ व्होल्टचा हिशेब वजा जाता ४१ हाती. रिले १४४० ओमचे, दोन मिळून ३३, मायक्रो-डिस्प्लेला ८. काठावर! २०० व्होल्टला बुडणारच. उपाय: ०.६८ गुणिले १.२, म्हणजे ०.८२. तीच व्हॅल्यू बाजारात तयार मिळते, ह्याचा आनंद काय सांगू.

कपॅसिटर घ्या तर लॅमिंग्टन रोडला ओळखीच्या दुकानातून, मान्यतेच्या खुणा भिंगाखाली बघून. ऑनलाइनची स्वस्त पाकिटं एलईडी बल्बांसाठी ठीक. मी ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास तपासलेला घेतला. कोकणात तोच शोभतो.

पुढचा बेत हाय-लिंक कंपनीचं २४ व्होल्टचं तयार सप्लाय मॉड्यूल बसवून ड्रॉपरच उडवायचा होता, कारण २०० व्होल्टला ०.८२ने सुद्धा जेमतेम ४२ मिळतात. १ मायक्रोफॅरड घालता आला असता, पण रात्री व्होल्टेज चढलं की झेनर भाजेल. पण मॉड्यूलने घड्याळ सुधारत नाही. हे लिहिता लिहिता कार्डाचे फोटो परत मोठे करून बघितले, तर मायक्रोशेजारी एका रिकाम्या रेझिस्टरच्या जागेला बारीक अक्षरात ५०/६० छापलंय! तेव्हा मॉड्यूल मागे, आधी तिथे शून्य ओमचा रेझिस्टर. असल्या जागा मायक्रो बहुधा चालू होतानाच वाचतो, म्हणून प्लग काढून फिल्टर पूर्ण उतरवूनच डाग देणार. कुणी ह्या जातीच्या कार्डावर ही जागा जोडलीय का? जुळलं तर चिकटपट्टी काढायचा मान चाचींना.