बी-१२ला वीज कशासाठी?

“बी-१२ची गोळी घेतली की झालं, त्याला वीज कशाला लावता?” मी प्रयोगशाळेत बी-१२ला वीज लावून पाहते, म्हणून लग्नकार्यात, गाडीत, दवाखान्याच्या बाकावरही मला हे विचारलं जातं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

या जीवनसत्त्वाच्या मधोमध कोबाल्टचा एक अणू असतो. कॉरिन नावाच्या कड्यातल्या चार नायट्रोजननी त्याला धरलेलं असतं, शिवाय खालून एक जोडीदार (म्हणजे कोबाल्टला जोडलेला रेणू किंवा गट), वरून एक. एकूण सहा बंध. ही रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५०च्या दशकात क्ष-किरणांनी उलगडली.

वरच्या जागी पाणी असलेलं बी-१२ मी काचेच्या सेलमध्ये घेते, आरगॉन सोडून हवा काढते आणि कार्बनच्या इलेक्ट्रोडचं व्होल्टेज हळूहळू उणे बाजूला नेते. पहिला इलेक्ट्रॉन मिळाला की वरचं पाणी सुटतं आणि लाल द्रावण तपकिरी होतं. दुसरा मिळाला की खालचा जोडीदारही सुटतो, चारच बंध उरतात, रंग राखाडी-हिरवा होतो. इतकी वर्षं झाली, तरी तो हिरवा उमटताना मी हातातलं काम थांबवते. जरा हवा शिरली की तो जातो.

वरच्या जागी सायनाइड असलं (काही गोळ्यांत तेच असतं, पण इतकं कमी की घाबरू नका) तर गणित बदलतं. त्याची पकड घट्ट, म्हणून पहिल्याच इलेक्ट्रॉनसाठी कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या (व्होल्टेज मोजताना संदर्भ म्हणून धरतात तो) तुलनेत उणे १ व्होल्टच्या आसपास जावं लागतं. दुसऱ्याला उणे ०.८५ पुरतं. त्यामुळे पहिला शिरताच दुसरा लगेच मागोमाग येतो आणि दोन पायऱ्यांची एकच होते. पॅरिसमध्ये डोरिस लेक्सा आणि जाँ-मिशेल साव्हेआं यांनी हे बारकावे मोजले.

आता वीज कशासाठी, ते. चार बंधांचा हाच कोबाल्ट आपल्या पेशींत फोलेट या दुसऱ्या जीवनसत्त्वाकडून मिथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन) घेतो आणि होमोसिस्टीन या अमिनो आम्लाला देतो, त्यातून मेथिओनिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल तयार होतं. हे करताना कधीतरी त्याचा एक इलेक्ट्रॉन निसटतो आणि काम अडतं. तो परत देणं किती अवघड आहे, हे इलेक्ट्रोडवर थेट मोजता येतं. द्रावण पुरेसं आम्ल केलं की खालचा जोडीदार आधीच सुटतो आणि तोच इलेक्ट्रॉन सुमारे ०.१ व्होल्ट सोपा होतो. पेशीतलं प्रथिनही दुरुस्तीच्या वेळी कोबाल्टखालचा जोडीदार असाच बाजूला सारतं.