लग्नाचा साखरपुडा

वाईकडच्या लोकांना शूटिंगचं अप्रूप राहिलेलं नाही. मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’ झाला, तो २००४ साली पडद्यावर आला, तेव्हापासून तर नाहीच. तरी आमच्या घरात सहा महिने मालिका चालली तेव्हा सासूबाईंनी पेटीतली नथ काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी लग्नाचा सीन होता ना! गर्दीत उभं राहायला मिळणार होतं.

संध्याकाळी ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, आमच्या तुळशीच्या कट्ट्यावर वही घेऊन बसला. शंभर माणसं, त्यांचे कपडे, दोन वेळचं जेवण, मांडव, दोन दिवस. खाडाखोड केली, मुंबईला फोन लावला आणि तासाभरात लग्नाचा साखरपुडा झाला. पंचवीस माणसं, ओसरीवरच, एका दिवसात खलास. दिग्दर्शक चहाचा कप खाली ठेवून ‘चालेल’ एवढंच म्हणाला. तिकडं लेखकानं रातोरात मुलाच्या आजोबांना दवाखान्यात नेऊन टाकलं. लग्न पुढं ढकलायला कारण नको?

नथ परत पेटीत गेली. मला ईपीचा रागच आला होता, पण पुढं हिशोब कळत गेला. चॅनेल दर भागामागे ठरलेली रक्कम देणार; पावसानं दिवस बुडाला तर लॉजचं भाडं नि जनरेटरचं डिझेल निर्मात्याच्या खिशातून. गोष्ट बहुतेक वेळा चॅनेलच्याच मालकीची. वर गुरुवारी टीआरपी आला की फोन सुरू! (आमचं शेवटच्या महिन्याचं भाडं मात्र अजून आलेलं नाही. तो हिशोब मला अजून कळायचाय.)

माझं माहेर सांगलीचं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक तिथं केलं म्हणून आम्ही मान ताठ करतो. पण नाटक करा म्हणणारे आणि पैसा घालणारे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन होते. १८५१ साली ते गेले आणि भाव्यांवर मंडळी घेऊन गावोगाव तिकीट लावायची वेळ आली.

आमच्या मालिकेतली धाकटी नणंद मध्येच ‘शिकायला पुण्याला’ गेली. तिनं दर वाढवून मागितला होता, हे मी त्याच कट्ट्यामागं कपडे वाळत घालताना ऐकलं. सासूबाई लेखकाला शिव्या घालतात. मी काही बोलत नाही. परवासुद्धा विचारत होत्या, “आगं, ती पोरगी पुण्यासनं कधी यायची?”