भांगलण

आज दुपारी पोस्टमननं जाड पाकीट हातात दिलं. पुण्याच्या एका छोट्या प्रकाशनाच्या संपादकबाईंनी माझ्या ४२ कविता परत धाडल्यात, कडेला पेन्सिलीनं टिपणं करून. गेल्या पावसाळ्यापासून आमची पत्रापत्री चाललीय.

‘भांगलण’ या शब्दाभोवती गोल. शेजारी बारीक अक्षरात, ‘खुरपणी म्हणावं का? वाचकांना कळेल?’

खूप वेळ त्या गोलाकडेच बघत बसले. बेळगाव सीमाभागातल्या खानापूरकडच्या आमच्या शेतात आई दिवसभर वाकून भांगलायची. खुरपणी हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याच्या गोष्टी घरातली मोठी माणसं सांगायची. मराठीसाठी इतकं सोसलेल्या गावांतला शब्द मराठी पुस्तकातूनच कसा काढू?

संध्याकाळी उत्तर लिहिलं. दोन कविता गाळल्या. बाईंचं बरोबर होतं, त्या स्पर्धेसाठी लिहिलेल्या, ओढूनताणून. बऱ्याच ओळीही त्यांच्या सांगण्यावरून आवळल्या, आणि खरंच बऱ्या झाल्या. इतक्या जिव्हाळ्यानं आजवर कुणी माझं वाचलं नव्हतं. भांगलण मात्र राहू द्या म्हटलंय. तळटीपही नको.

पाकीट चिकटवून ठेवलंय. उद्या सकाळी टिळकवाडीच्या पोस्टात टाकते.