मोटर जळाली

मागच्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी दोन गोष्टी एकदमच झाल्या. ऑफिसचं ऑनलाईन सेशन चालू होतं, विषय बर्नआउट (म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून जळून जाणं), आणि सगळ्यांना एक फॉर्म भरायला दिलेला, रविवारी संध्याकाळी सोमवारच्या विचाराने पोटात गोळा येतो का वगैरे, 'कधीच नाही' पासून 'रोज' पर्यंत गोल, त्यातला एक काळा करायचा. मी 'कधीकधी' आणि 'बऱ्याचदा'च्या मधे अडकलेलो (हे मॅनेजरला दिसतं का, असं कोणीतरी चॅटमधे विचारलं आणि मग जी काही शांतता पसरली म्हणता) तेवढ्यात नानांचा फोन. नाना म्हणजे माझे चुलते, गावाकडे शेती बघतात. म्यूटवर होतोच, उचलला.

"मोटर जळाली रे."

म्हटलं नाना, इथंपण त्याचंच चाललंय.

आता बर्नआउट हा शब्द आपल्याकडे आलाय एचआरच्या स्लाईडमधून, पण त्याचा जन्म काही ऑफिसातला नाही. न्यूयॉर्कमधे हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात फुकट काम करायचे. तिथे ड्रग्जवाली पोरं यायची, आणि नशेने पार खलास झालेल्याला तेव्हा रस्त्यावरच्या भाषेत बर्नआउट म्हणायचे. फ्रॉयडनबर्गरना दिसलं की पेशंट राहूदेत, इथे मदतीला येणारी उत्साही माणसंच तशी होत चालली आहेत, आणि आपणही. 1974 मधे त्यांनी तोच शब्द उचलून पेपर लिहिला. म्हणजे नशेबाजांचा शब्द समाजसेवकांना चिकटला आणि तिथून फिरत फिरत आमच्या फॉर्मपर्यंत आला. फॉर्मचं श्रेय क्रिस्टीना मास्लाक बाईंचं, त्यांची मूळ प्रश्नावली 1981 ची, आमच्यासारखे बाकीचे फॉर्म बहुतेक त्याच घराण्यातले.

मराठीत याला पेपरवाले 'भावनिक थकवा' लिहितात, जे वाचूनच झोप येते. पिट्टा पडला, जीव मेटाकुटीला आला, डोक्याचा भुगा झाला, हे सगळं आहे आपल्याकडे, पण त्यात जळण्याचा वास नाही. करपणं मला जवळचं वाटतं, कारण खरपूस आणि करपलेलं यात फक्त दोन मिनिटांचा फरक असतो आणि ती दोन मिनिटं आपण नेमके फोनवर असतो.

तर शनिवारी गावाला गेलो आणि नानांबरोबर मोटर घेऊन तालुक्याला वायंडिंगवाल्याकडे. पाच एचपीची मोटर, तिला दोघांनी धरून टेम्पोतून उतरवायची म्हणजे कंबरेचं काही खरं नाही. दुकानात सगळीकडे पोटं फाडलेल्या मोटरी, वॉर्निशचा वास नाकातून जाईना, आणि मालक बनियनवर बसून कॉइल भरतोय. त्याने मोटर उघडली, आत नुसतं बघितलं आणि नानांनी काही सांगायच्या आत म्हणाला, "लोडनं नाही जळली, फेज गेलाय."

फेज म्हणजे विजेची एक लाईन, या मोटरीला अशा तीन लागतात. मला खरं वाटेना. मग त्याने स्क्रूड्रायव्हरने दाखवलं. आतमधे तारांच्या जुड्या गोल बसवलेल्या, दोन काळ्याकुट्ट, मग एक छान तांबूस, परत दोन काळ्या, परत एक तांबूस. "जास्त लोडनं जळती तेव्हा सगळी सारखीच काळी पडती. ही बघा ना, ह्या फेजच्या तारा नव्याकोऱ्या आहेत. हा बसून राहिला, ह्या दोघांनी सगळं ओढलं."

झालं होतं असं की त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, नानांनी स्टार्टरला ऑटो लावून ठेवलेला, लाईट आली की मोटर आपोआप चालू, आणि माणूस घरात झोपलेला. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज उडाला. तीन फेजचे दोन राहिले. पण मोटर काही थांबत नाही, पाणी तेवढंच वर चढवायचंय, मग उरलेले दोन फेज जास्त करंट खेचतात, घुं घुं आवाज करतात, तापतात, आणि विहिरीवर तो आवाज ऐकायला कोणी नसतं.

आमच्या टीममधे तीन जण होतो. एकजण एप्रिलमधे सोडून गेला, त्याच्या जागी माणूस घेण्याचं अजून 'प्रोसेसमधे' आहे. मी त्या तांबूस तारांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो बहुतेक, कारण नाना म्हणाले चल चहा पिऊ.

फॉर्ममधे काम किती आहे, झोप लागते का, चिडचिड होते का सगळं विचारलेलं, पण तुमच्यातला कुठला फेज गेलाय हे काही विचारलं नव्हतं.

गंमत म्हणजे कॉलेजात मला बर्नआउट हा शब्द फार आवडायचा. त्या नावाची कार रेसिंगची गेम होती, पहिली 2001 मधे आली, आम्ही 2004 ची टेकडाऊनवाली एका पार्लरमधे तासाच्या हिशोबाने खेळायचो. त्यात समोरून येणाऱ्या ट्रॅफिकमधे गाडी घातली, म्हणजे सरळ राँग साईडने हाणली की बूस्ट, म्हणजे जादा स्पीडचा साठा, भरायचा. (पुण्यात हे कौशल्य लोक बूस्ट न मिळतासुद्धा दाखवतात.) आणि सुरुवातीच्या गेममधे भरलेला सगळा बूस्ट एका दमात संपवला तर त्यालाच बर्नआउट म्हणायचे, आणि ते बक्षीस होतं! तेव्हा कुणी म्हटलं असतं तुला बर्नआउट झालाय तर मी कॉलर ताठ केली असती.

आता करमणुकीचंही काम झालंय. रात्री जेवून पाच ॲप उघडायची, अर्धा पाऊण तास पोस्टर बघायची, 'लोकांनी बघितलेलं आपण बघितलं नाही' याचं टेन्शन घ्यायचं आणि शेवटी शंभरदा बघितलेलं काहीतरी लावून त्यातच झोपायचं. याला मात्र बर्नआउट म्हणायची सोय नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मधे स्पष्टच सांगितलंय की हा शब्द फक्त नोकरी-कामधंद्यातल्या ताणासाठी, आयुष्याच्या बाकी भागांना लावू नका, आणि तो आजार म्हणूनही धरलेला नाही. म्हणजे सिरीजचा कंटाळा आला तर मुकाट्याने कंटाळाच म्हणायचं.

आईला हे सगळं सांगत होतो तर ती उठून कपाटातून साडी घेऊन आली. ब्रासोची. म्हणे दुकानदार याच डिझाईनला बर्नआउट म्हणत होता. बघितलं तर खरंच, त्या कापडात दोन जातीचे धागे असतात, केमिकल लावून एक जातीचे जाळतात, दुसरे तसेच राहतात, आणि जिथे जळलं तिथे आरपार दिसणारी नक्षी. साडी सुंदर आहे. आई म्हणाली, "पण फार नाजूक असते, रोज नेसायची नाही."

फॉर्म मी भरलाच नाही शेवटी, लिंक एक्स्पायर झाली.

परवा नानांचा फोन आला. मोटर बसली, वायंडिंगवाल्याने जळकं तांबं मोडीत धरून बिल जरा कमी केलं, आणि आता स्टार्टरला सिंगल फेजिंगचा प्रिव्हेंटर लावलाय, एक फेज गेला की मोटर लगेच बंद. म्हटलं वा, सुटलात की.

"सुटलो कसला," नाना म्हणाले, "रात्रीतून तीनदा बंद पडली, तीनदा उठून विहिरीवर गेलो. तुझ्या ऑफिसातला तो फॉर्म आहे का रे अजून? मला पाठव."