धुतल्यावर दिसेल

फिल्मचा कॅमेरा घेऊन मी वारीत दोनच दिवस चालते, पुणे ते सासवड आणि सासवड ते जेजुरी. मधल्या दिवशी माउलींची पालखी सासवडलाच असते, तेवढ्यात पाय शेकून घ्यायचे. पिशवीत एचपी५ चे तीन कृष्णधवल रोल, म्हणजे १०८ फोटो. आकडा मुद्दाम साधलेला नाही.

हडपसरहून तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते, माउलींची सासवडकडे वळते. वडकी मागे पडली की समोर दिवे घाट. कॅमेरेवाले आधीच वर जाऊन वळणावर जागा धरतात. तिथून घाटभर पसरलेल्या दिंड्या दिसतात. तो फोटो चांगला येतो, आणि दर वर्षी तोच येतो. मी खालून दिंडीबरोबर चढते. चढणाऱ्याला दिसतात फक्त पाठी, डोक्यावरच्या तुळशी आणि रथाला जुंपलेल्या जादा बैलजोड्या. टाळाच्या ठेक्यात चालत मीटर बघून फोकस लावेपर्यंत समोरचं माणूस चार पावलं पुढे गेलेलं असतं. अख्ख्या घाटात माझे चार फोटो झाले.

संध्याकाळी तळावर समाजआरती. चोपदारांनी चोप उंचावला की सगळे टाळ गप्प. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तिचेच वाजत राहतात, आणि ते ऐकून घेतल्यावरच आरती. नेमक्या त्या शांततेत माझं शटर खटॅक करून वाजलं. शेजारच्या टाळकऱ्यानं वळून असं बघितलं, की तेव्हापासून आरतीला कॅमेरा पिशवीत.

(एकाच दिवसासाठी येणाऱ्यांनी परतीचं आधीच बघून ठेवावं. घाट वाहनांना बंद असतो, गाड्या बोपदेव घाटानं फिरवतात.)

जेजुरीत पालखी पोचली की भंडाऱ्याची उधळण. माझा रोल तेव्हाच संपला. रेनकोटाच्या आडोशाला कॅमेऱ्याची पाठ उघडली, नवा रोल घातला. त्यात हळदीचा एखादा कण आत गेला असणार, कारण त्या रोलवर पहिल्यापासून छत्तिसाव्या फोटोपर्यंत एक सरळ रेघ आहे.

त्याच रोलमध्ये एक आजी आहेत. कपाळापासून पदरापर्यंत भंडारा. फोटो काढला तशा जवळ आल्या.

"दाव बरं, पोरी."

कॅमेऱ्याची काळी पाठ दाखवली. "आत्ता नाही दिसत, आजी. धुवावा लागतो."

"धुवावा? लुगड्यावानी?"

"तसंच. धुवून वाळत घालायचा."

त्यांना ते पटलं. पत्ता विचारला तर त्यांनी गाव सांगितलंच नाही, दिंडीचा नंबर सांगितला, रथामागचा. वारीत तोच पत्ता.

पुढच्या वर्षी प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली. सासवडचा मुक्कामाचा दिवस शोधण्यातच गेला. राहुट्यांमधून चिखल तुडवत, ट्रकवरचे नंबर वाचत दुपारी दिंडी सापडली. आजी भाकरी थापत होत्या. पिठाचे हात पदराला पुसून त्यांनी प्रिंट घेतली, लांब धरली, जवळ धरली. या फिल्मवर पिवळा रंग उजळ उतरतो, त्यामुळे भंडारा पांढराफेक दिसत होता.

"आगं, ही तर गिरणीतून आल्यासारखी दिसतीया," त्या म्हणाल्या, आणि प्रिंट उलटी करून मागे कुठे पिवळं आहे का ते बघू लागल्या.